खोबरेल तेल

—नाही टीचर, मी आत नाही येत. तुम्ही पियानोवर बसा, मी इथे दाराशीच बरी. नॅटलीचा नंबर पुढचाच ना? बापरे, तुमच्या या हॉलचा एसी! बाहेर ऊन कसं भाजतंय, आणि इथे माझी बोटं आखडली.

तुम्हाला म्हणून सांगते — ही रशियातली ट्रंबोनची चीज मला पाठ आहे. इथे आखातात, अल खौदच्या आमच्या फ्लॅटमध्ये सहा महिने दुसरं काय ऐकते? नॅटली म्हणते, आजी, तेव्हा ट्रंबोनवाला मागे बसायचा. एकट्याने पुढे उभं राहून वाजवावं, असं त्याच्यासाठी फारसं कोणी लिहीतच नव्हतं. मग आरमाराच्या बँडांवर देखरेख करणाऱ्या एका साहेबाने लिहिलं — आणि साथीला कोण? बँडच! ऐकून मी हसले. आमचा म्हातारा वसईत तेच करायचा ना — लग्नाला, मयताला, बँडच्या पुढे उभा! तोसुद्धा ट्रंबोनच. नळीला खोबरेल लावायचा, सरसर सरकायची. म्हणून आज सकाळी पोरगी आंघोळीला गेली तशी मीच लावलं. चांगलं चोपडून. घरी वाजवून बघितलं तिने — लोण्यासारखी सरकली!

इथे? इथे कशी सरकेल... म्हणजे सरकेल की. तेलच ते. माझ्या खोलीत तेवढं एसीने दगड होतं, रोज सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते...

अशा काय बघता?

मुद्दाम नाही हो. म्हाताऱ्याची आठवण म्हणून — मग तिच्या नेहमीच्या तेलाची बाटली माझ्या पर्समध्ये कशी, विचारा ना. विचारा! आज पास झाली की पाच वर्षं मॉस्को. तिची आई गेली तेव्हा चार महिन्यांची होती हो, या हातांनी वाढवली. मॅक्सवेल — माझा मुलगा, तिचा बाप — सोहारच्या फॅक्टरीत, घरी येतो शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस मी कोणाशी बोलू? भिंतींशी?

नाव पुकारलं का? ती उठली... टीचर, नळी हलवून बघतेय ती. माझ्याकडेच बघतेय. देवा, अजून हसतेय माझ्याकडे बघून.

ही घ्या तिची बाटली. दहा मिनिटं मागा परीक्षकांकडून. आधी नळी बाहेर उन्हात न्या, वितळलं की पुसा, मग हे लावा. तिला म्हणावं, आजीने केलं — नाही, ते मी सांगेन. तुम्ही जा. जा ना टीचर, यल्ला!