छत्तिशीतला खुबा

जालन्यातल्या हाडांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. शेजारी बदनापूरचे मुकुंदकाका आणि परतूरचा अंगद बोलत होते.

"वय काय तुझं?"

"छत्तीस, काका. खुबा मात्र सत्तरीचा झालाय. रक्त पोचंना, म्हणून हाड मरून राह्यलंय."

"मग बदलून टाक. माझा बदलला, आता बिलकुल दुखत नाही."

"डॉक्टर म्हणले, तुमच्या वयात बदलला तर पुढं पुन्हा बदलावा लागंल. त्याच्याआधी हाडाला भोक पाडून रक्ताला वाट करू, हाय तोच वाचवून बघू. मंग काही महिने कुबड्या."

"नक्की वाचेल?"

"खात्री न्हाई. गेल्या साली आलो असतो, तर जास्त भरवसा होता."

"का नाही आलास?"

"मोबाइलवर बघून मीच डॉक्टर झाल्तो ना! बिघडला खुबा, दुखायचा गुडघा, अन् मी वर्षभर गुडघ्यालाच बाम चोळला."

"मग काय ठरवलं?"

"वाचवून बघायचं. लेकीला म्हणलं, कुबड्यांवर येईन शाळेत सोडायला."

"काय म्हणाली?"

"म्हणली, या पप्पा, पण गेटाच्या अलीकडंच थांबा."