चेहऱ्यातला निळा

चार रंग चार वेळा छापून एक चित्र व्हायचं, तो काळ आजींनी पाहिला होता. आज छपाईच्या दुकानात आपला नंबर यायची वाट पाहत त्या बाकावर बसून होत्या. पुढे एक नवरा-बायको घरचा फोटो छापून घेत होते. त्यांची छकुली आईच्या खांद्यावर झोपली होती.

"काका, आम्ही दोघी टवटवीत आणि ह्यांचाच चेहरा निळा कसा?"

"मशीन नवीन आहे, ताई. चेहरा ओळखून रंग आपोआप लावतं."

"रंग कसला, जिवंतपणी मुडदा केलाय माझा!"

"अहो, अभद्र बोलू नका."

"आमचे उस्ताद सांगायचे, चेहऱ्यातला निळा आधी उतरव, नाहीतर छापशील ते प्रेत. थांबा, हातानं उतरवतो."

मशीन घरघरलं.

"घ्या! साहेब कसे गुलाबी झाले बघा."

"लग्नातही एवढा गोरा नव्हतो मी."

"गप्प बसा हो. काका, फोटोत छकुलीचे ओठ बघा. निळे पडलेत."

"तिला मी हातही लावला नाही, ताई. शपथ! फक्त साहेबांचा उतरवला."

"अगं बाई, हिचे ओठही निळे! छकुले! ए छकुले, डोळे उघड गं!"

"काका, पहिली प्रत कुठंय?"

"ती टोपलीत टाकली, साहेब."

"काढा."

"अहो, नको."

"तू थांब. काका, तीच द्या मला. आणि ही फाडा, माझ्यादेखत."

कागद टरकन फाटला. छकुलीनं डोळे उघडले, हात पुढे केले.

"बाबा, उचल ना."