डावा दिवा

गाडीचा डावा दिवा घासून लख्ख झाला होता. उजवा अजून पिवळट, धुरकट होता. गॅरेजात स्कूटरसाठी थांबलेली योगिनी दोन्हींकडे पाहत होती. शेजारी त्या गाडीचे मालक तावडेकाका आणि काकू बसले होते. मेकॅनिक संदेश यंत्राने दिवे घासत होता.

"संदेश, डावा अजून धुरकटच आहे रे."

"काका, डावा झाला की! आता उजवा घेतो."

काकू म्हणाल्या, "अहो, परवा आरे-वारेच्या वळणावर सायकलवाला थोडक्यात वाचला. तेव्हाही दिव्यांनाच नावं ठेवलीत."

"दिवे खराबच होते!"

"डॉक्टर शिमग्यापासून सांगतायत, मोतीबिंदू काढा. सांगा बघू, ह्या दोहोंतला घासलेला कुठला?"

संदेशने यंत्र बंद केलं.

"दोन्ही सारखेच दिसतायत गो."

"मग?"

"ही घे किल्ली. ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावणार नाही."