तोंडावरचा हात

आदरणीय अध्यक्ष सिक्स्तेन, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या दातांच्या डॉक्टर गुनेल, आणि समोर केक असूनही माझ्याकडे बघणारे तुम्ही सगळे, नमस्कार.

आधीच सांगतो, हे भाषण लिहायचं मी टाळत आलो. नॉर्वेत मासे साफ करायच्या कामावर होतो; कागद काढला की कुणीतरी पत्ते काढायचं. अखेर आज सकाळी बाबांच्या गाडीत गुडघ्यावर खरडलं. माझं अक्षर मलाच लागत नाहीये.

तर दात. माझे पुढचे दोन इतके बाहेर होते, की शाळेत "ससोबा, गाजर देऊ का?" ठरलेलं. डॉक्टरांनी तारा बसवल्या. प्रत्येक खेपेला बाबाच आणायचे, लाकडं वाहायचा ट्रक घेऊन. शनिवार हा आपला गोड खायचा वार, पण तारांमुळे मला चिकट गोळ्या बंद. बाबा माझ्या वाट्याच्या स्वतःच्या तोंडात टाकायचे. "तुझ्यासाठी काय काय सोसावं लागतं रे!" म्हणायचे, आणि तोंडावर हात धरून हसायचे.

तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना मुद्दाम आत बोलावलं. आरशात पाहिलं, तर दात पांढरेशुभ्र, सरळ रेषेत. मी हसलो आणि तोंडावर हात धरला.

"मेल्केर, आता काय लपवतोस? काढ तो हात!"

"लपवत कुठे? असंच हसतात ना?"

"कोण हसतं असं?"

"बाबा."

बाबा कोपऱ्यात टोपी चुरगाळत उभे होते. दात त्यांचेही माझ्यासारखेच, पण त्यांच्या लहानपणी तारांसाठी एवढी रांग होती, की नंबर लागायच्या आत ते जंगलात कामाला लागले. "ट्रक चालू ठेवून आलोय," म्हणाले आणि बाहेर गेले. पुन्हा या दवाखान्याचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. पुढच्या तपासण्यांना ते ट्रकमध्येच बसायचे. डॉक्टर, तुम्ही पांढरा कोट न काढता बर्फातून त्यांना कॉफी नेऊन द्यायचात. काय बोलायचात हो दोघं?

मी हात काढला. कुठे कुठे भटकलो, खदाखदा हसलो. पण घरी आलो, की बाबांसमोर हसू ओठातच राहतं. चांगल्या दातांची लाज वाटते, असं कधी ऐकलंय? मला वाटते. या भिंतीवर दात दाखवणारा माझाच फोटो आहे, त्याच्याखाली उभं राहून आत्ता वाटतेय. कारण बाबा बाहेर गाडीत बसलेत.

सकाळी म्हणालो, "बाबा, आमंत्रण दोघांना आहे."

"मी आलो तर डॉक्टरांना वाटेल, निवृत्तीच्या दिवशीही गिऱ्हाईक! तू जा. त्यांच्या शेकोटीसाठी बर्चची लाकडं फोडून आणलीत, ती मी मागच्या दाराशी ठेवीन." आणि हसले. हात होताच.

असो. भरकटलो. डॉक्टर, आमच्या घरातलं एक तोंड तुम्ही सरळ केलंत, तुमचे आभार कसे मानू? अध्यक्षांचे आणि केक करणाऱ्यांचेही आभार. अडाण्यासारखं काही बोललो असेन, तर पदरात घ्या.

एक मिनिट. दाराशी ब्रित सिस्टर खुणा करतायत. काय? कोण?

डॉक्टर, मागे वळून बघा. बाबा आत आलेत. ब्रित सिस्टर वाकून त्यांच्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवतायत, बाबांच्या दोन्ही हातांत लाकडं आहेत, आणि ते तुमच्याकडे बघून हसतायत.