रंभाजीअण्णांनी तळ्याला दिलेलं पाणी

मंडळी, ऐका! एकाने भरभरून दिलं. दुसऱ्याला थेंब मिळाला नाही. मधे चोर नाही, दरोडेखोर नाही — मग दिलं ते गेलं कुठं? सांगा! ... पुढच्या रांगेत एवढे शहाणे, आणि तोंड कोणी उघडत नाही! बरं, मीच सांगते.

वेळूसर गावाला एक तळं होतं. सरकारने पाखरांसाठी राखीव ठेवलेलं. भोवती लव्हाळी, मधोमध वाळूचं टेकाड. चैत्रात तिथे सुरय पक्षी अंडी घालायचे. घरटं कसलं? वाळूत नुसता खळगा! भिंत नाही, दार नाही. राखण भोवतीच्या पाण्याची! पाणी हटलं, की कुत्री चालत जाऊन फराळ करून येणार!

त्या वर्षी पाणी हटायला लागलं. तेव्हा रंभाजीअण्णा तनपुरे पुढे आले. तळ्यापासून पंधरा पावलांवर त्यांची विहीर. "माझं पाणी पाखरांना!" मोटर बसली, नारळ फुटला, फलक लागला. फलकावर पाखरू एवढंसं — अण्णांचं नाव एवढं! रोज सकाळी अण्णा धार बघायला यायचे. धारेपेक्षा जास्त, धार बघणाऱ्यांकडे बघायचे!

आणि तळं? रोज एक बोट खाली!

तळ्याची राखणदार धुरपताबाई. मोजकं बोलणारी. पाण्यात खुणा केलेला बांबू रोवून रोज ठरल्या वेळी बघायची. अण्णा तिच्यावरच घसरले, "अगं धुरपते, ही पाखरं आहेत का हत्ती? किती पितात!"

"अण्णा, चार दिवस मोटर बंद ठेवा."

"बंद? पिल्लं उडायला अजून दीड महिना आहे!"

"म्हणूनच म्हणते."

मोटर बंद झाली. पहिल्या दिवशी एक बोट. दुसऱ्या दिवशी एक बोट. चौथ्या दिवशीही एकच! अण्णा म्हणाले, "तुझा बांबू खोटा आहे!"

"बांबूला तुमचा फलक वाचता येत नाही, अण्णा. मोटर चालू असताना एक बोट, बंद असतानाही एकच बोट. ते ऊन पितं. विहीर उपसली, की तळ्यातलंच पाणी जमिनीतून विहिरीत येतं. तेच तुम्ही परत तळ्यात सोडता."

म्हणजे बघा — शेजारणीकडून साखर आणायची, तिलाच चहा पाजायचा, आणि वर म्हणायचं, "आमच्याकडे येत जा हो!"

अण्णांचा चेहरा उतरला. "मग दुसरं पाणी कुठून आणू?"

धुरपताबाईने माळाकडे बोट केलं. तिथे अण्णांची बोअर. खोल खडकातली, तळ्याशी संबंध नसलेली. तिच्यावर अण्णांची कलिंगडं — प्रदर्शनात पहिला नंबर आलेली!

"ती? ती नाही हं!" अण्णा बोलून गेले. इतक्या पटकन, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

तेवढ्यात एक तांबडं कुत्रं तळ्यात उतरलं. पोटसुद्धा भिजेना त्याचं! सुरय कलकलाट करत उठले. अण्णा धावले — धोतराचा सोगा हातात, एक चप्पल चिखलात! "हाड! हाड!" कुत्रं पळालं. पायाशी बघतात तर खळग्यात ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी. अण्णा वाकून बघायला लागले, तर वरून पाखराने टकलावरच चोच मारली! दानशूर माणूस म्हणून सवलत नाही!

टक्कल चोळत अण्णा काठावर आले. म्हणाले, "बाई, पाइप किती लागेल?"

माळावरचं पाणी तळ्यात आलं. कलिंगडाचे वेल वाळले. अण्णा रोज आधी वेलांपाशी जायचे, एखादं वाळकं पान हातात चुरायचे, मग तळ्यावर. आठ दिवसांत पाणी चार बोटं चढलं. कुत्रं यायचं, पाय घालायचं, परत फिरायचं. ज्येष्ठात पिल्लं उडाली. फलक मात्र राहिला — तेवढं अण्णांना सोडवलं नाही. माणूस आहे!

मंडळी, देताना आपलं काही कमी झालं का, एवढंच बघा. उरलेली भाकरी गाईपुढे टाकून पुण्य मोजू नका!

आता ती बाई बघा, खांबापाशी. कडेवर लेकरू घेऊन मघापासून उभी आहे. मागे काय बघता? तुम्हालाच म्हणते, सतरंजीवर मांडी घालून बसलेले! ... अहो, नुसतं सरकल्यासारखं करू नका — उठा!