कोऱ्या पाण्यातलं पीक

(प्रयोगशाळा. दुपार. गाईड मॅडम आणि त्यांची संशोधक विद्यार्थिनी. दार आतून लावलेलं.)

मॅडम: बस. आणि मला सांग, सात नंबरच्या बाटलीत काय होतं?

विद्यार्थिनी: पेशंटच्या मणक्यातून काढलेलं पाणी. हॉस्पिटलकडून सगळ्या बाटल्या एकदमच आल्या ना.

मॅडम: आणि त्यात तुला डोपामाइन सापडलं.

विद्यार्थिनी: हो! अगदी कणभर, पण सापडलं. हा आलेख बघा, पीक, हे वर गेलेलं टोक, कसं स्वच्छ आलंय. इतकं कमी असतानाही दिसायला लागलं, तर कंपवाताने हात थरथरायच्या आधीच डॉक्टरांना कळेल की मेंदूत कुठे—

मॅडम: सातमध्ये कोरं पाणी होतं.

विद्यार्थिनी: म्हणजे?

मॅडम: आपलं शुद्ध पाणी. सकाळी तू यायच्या आधी मी स्वतः भरून ठेवलं. तसलीच बाटली, तसलंच लेबल.

विद्यार्थिनी: ...का?

मॅडम: का काय? जगभर लोक लेसर लावून बसलेत. कुणाला इतकं कणभर दिसत नाही आणि तुला आठवडाभर एकामागून एक पिकं! माझ्या मनात पाल चुकचुकली. आता तर काय, कोऱ्या पाण्यातही तू पीक काढून दाखवलंस. शेतकीलाच जायला हवं होतंस.

विद्यार्थिनी: मॅडम, चेष्टा नको. तुम्हाला वाटतं मी त्यात काही घातलं?

मॅडम: घातलं असशील, नाहीतर कॉम्प्युटरवर रेघ उचलली असशील. मला काय माहीत?

विद्यार्थिनी: मग मला सरळ विचारायचं होतंत.

मॅडम: तुझ्या आधीच्या विद्यार्थ्याला सरळच विचारलं होतं. तोंड वर करून ‘छे, मॅडम’ म्हणाला. पुढे आकडे खोटे निघाले, छापलेला पेपर मागे घ्यावा लागला. भर सभेत माझी मान खाली गेली, त्याचं काय गेलं? तो मजेत आहे.

विद्यार्थिनी: मी तो नाही. मी आलेखाला बोटही लावलेलं नाही. डोपामाइन सोन्याच्या कणांना चिकटलं, तरच प्रकाश असा विखुरतो. काहीतरी चिकटलं होतं, म्हणून पीक आलं. कण कशाला खोटं बोलतील?

मॅडम: कण नाही बोलत. माणसं बोलतात.

विद्यार्थिनी: ...फोन घेऊ? सासूबाई आहेत. हो, आई. नाही, उशीर होईल. त्याला भरवून झोपवा तुम्ही. आवाजाला काय झालंय? काही नाही हो. ठेवते.

मॅडम: घरी सांगितलं नाहीस.

विद्यार्थिनी: काय सांगू? सून चोर निघाली म्हणून? मॅडम, आत्ता माझ्यासमोर चाचणी पुन्हा करा. तुम्ही करा. मी इथे हाताची घडी घालून उभी राहते.

मॅडम: करतेच. हातमोजे दे. नको, नवा खोका फोडते. हे कॅनमधलं तेच शुद्ध पाणी... हे सोन्याचे कण... लेसर लावला. थांब आता.

विद्यार्थिनी: थांबलेच आहे.

मॅडम: बघ. सपाट. पाण्यात काही नाही. आता बोल.

विद्यार्थिनी: पाण्यात नाही, कणांत नाही, यंत्रात नाही. मग ते बाटलीतूनच आलं. सकाळी बाटली भरताना हातमोजे होते तुमच्या हातात?

मॅडम: उलटतपासणी घेतेस माझी?

विद्यार्थिनी: तुम्ही माझी घेतलीत की.

मॅडम: नव्हते. तू येऊन टपकशील म्हणून घाईत होते. एका बाटलीसाठी कोण घालत बसतं?

विद्यार्थिनी: त्याच्या आधी काय करत होता?

मॅडम: काय करणार? घरून उपाशी निघाले. खाली गाडीतच केळं खाल्लं, वर आले.

विद्यार्थिनी: केळं?

मॅडम: हो, केळं. त्यात काय...

विद्यार्थिनी: मॅडम.

मॅडम: थांब. बोलू नकोस. सालीत डोपामाइन असतं. भरपूर असतं. अगं, मीच पहिल्या वर्षाला शिकवते हे!

विद्यार्थिनी: हात धुतले होते?

मॅडम: साल गाडीत टाकली, रुमालाला हात पुसले. आणि झाकण उलटं धरलं होतं मी, बोटं आतून लागली. आणतेस ती साल? ही घे गाडीची किल्ली.

विद्यार्थिनी: तुम्हीच आणा. नंतर म्हणाल, येताना मी काही केलं.

मॅडम: ...बरं. आणते.

विद्यार्थिनी: आणलीत? आता सकाळसारखंच करा. साल धरा, हात पुसा, झाकण उलटं धरा, पाणी भरा.

मॅडम: भरलं. लेसर... आलं.

विद्यार्थिनी: त्याच जागी?

मॅडम: त्याच जागी. एवढ्याशा बोटाच्या डागाचं! म्हणजे तुझी पद्धत इतकं पकडते? खरंच पकडते?

विद्यार्थिनी: आठवडाभर तेच सांगतेय मी.

मॅडम: बाकीच्या बाटल्या...

विद्यार्थिनी: सगळ्या हातमोजे घालून उघडल्यात. रोज आधी कोरं पाणी तपासते. रोज सपाट. कॉम्प्युटरवर आहेत ते आलेख, तुम्ही उघडलेच नाहीत.

मॅडम: नाही उघडले. मी ठरवूनच बसले होते. चुकलं माझं. फार चुकलं गं.

विद्यार्थिनी: असू दे.

मॅडम: असू दे कसं? उद्याच पेपर लिहायला बसू. पहिलं नाव तुझं. आता घरी जा, पोर वाट बघत असेल.

विद्यार्थिनी: खरी सात नंबरची बाटली कुठे आहे? कुणाच्या तरी पाठीत सुई टोचून काढलंय ते.

मॅडम: माझ्या फ्रीजमध्ये, नीट आहे. आणून देते, उद्या सकाळी तू आलीस की लाव.

विद्यार्थिनी: आत्ताच लावते. तुम्ही समोर बसा.

मॅडम: आता कशाला मी समोर? माझा विश्वास आहे तुझ्यावर.

विद्यार्थिनी: तुमचा आहे हो, मॅडम. माझा तुमच्यावर?