इज आणि वॉज

भाची : परत म्हण. माय सन वॉज अ टेलर.

मामा : माय सन इज अ टेलर.

भाची : वॉज, मामा.

मामा : तोंडात बसत नाही गं तो शब्द. कवळीत अडकतो.

भाची : कवळीवर ढकलू नकोस. आत्ता ‘माय फादर वॉज अ टेलर’ म्हणालास, तेव्हा बरा नाही अडकला?

मामा : वडील पिकून गेले. त्यांना वॉज शोभतो.

भाची : फोन आता येईलच. वहिनीनं काय बजावलंय, लक्षात आहे ना?

मामा : सुनेचं बजावणं कोण विसरेल? सासऱ्याला चांगलं धारेवर धरलंय तिनं.

भाची : धरेल नाहीतर काय! मागच्या फोनवर तू नातवाला म्हणालास, ‘युवर फादर इज हिअर.’ त्या पोरानं दप्तरातली पुस्तकं काढली, कपडे भरले आणि दाराशी जाऊन बसला. बाबा आजोबांकडे आहेत, मला तिकडे न्या म्हणून. समजावताना तिच्या नाकी नऊ आले.

मामा : मी फोटोकडे बोट करून म्हणत होतो.

भाची : फोनवर बोट दिसतं का, मामा? आणि तुला वॉज येत नव्हतं असंही नाही. मीच शिकवलं होतं. आता वहिनी म्हणते, नीट सांगणार असतील तर बोलू दे, नाहीतर फोनच नको.

मामा : नको म्हणजे? नातू माझा आहे.

भाची : आणि मुलगा तिचा आहे. चल, बाकीचे शब्द घेऊ. शाळेत त्यांना इतिहास लागलाय. आपापल्या घराचा इतिहास विचारून या म्हणून सांगितलंय. त्यात सोर्स हा शब्द येणार. माहिती कुठून मिळाली, तो सोर्स. आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो प्रायमरी सोर्स.

मामा : म्हणजे मी.

भाची : म्हणजे तूच.

मामा : मग लिहून घे म्हणावं. तुझ्या बापानं शिवलेली पहिली विजार मी घातली होती. दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले होते गधड्यानं! दुकानात गिऱ्हाइकासमोर तोंडावर आपटलो. आणि पोरी, तुझी आई साक्षीला होती, पदर तोंडात कोंबून हसत होती.

भाची : हे सांगच त्याला. फार आवडेल.

मामा : हे सांगेन. हे मी पाहिलंय. पण तो गेला ते मी पाहिलं नाही, पोरी. गाडी तिकडे आपटली, सगळं तिकडेच उरकलं. माझे जायचे कागद होईपर्यंत सुतक फिटून घर धुऊन झालं होतं. मी पाहिलं ते एवढंच, विमानतळावर काचेपलीकडून त्यानं हात हलवला आणि गर्दीत मिसळला. आता तूच सांग बाई, तुझ्याच नियमानं. तो गेला याचा मी सोर्स आहे का?

भाची : मामा...

मामा : आहे का?

भाची : नाहीस. पण वहिनी आहे. कडेवर तान्हं पोर घेऊन तिनं ते एकटीनं पाहिलं. तुला न पाहिल्याचं दुःख आहे. तिला पाहिल्याचं आहे. आणि तू दरवेळी इज म्हणतोस, तेव्हा तिनं पाहिलं ते सगळं खोटंच ठरतं.

मामा : ...हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मी कधी विचारलंसुद्धा नाही तिला.

भाची : विचारशील कधीतरी. पाणी पी.

मामा : नको. पुढचा शब्द सांग.

भाची : ॲन्सेस्टर. म्हणजे पूर्वज. आपल्या आधी होऊन गेलेले.

मामा : आधी गेलेले? मग हाही माझा ॲन्सेस्टरच झाला.

भाची : नाही मामा. मुलगा तो डिसेंडंट. आपल्या मागून येणारा.

मामा : तो कुठला आता मागून यायला.

भाची : असं नको ना बोलूस. वाजला बघ फोन. डोळे पूस, स्पीकर लावते.

नातू : हॅलो? आजोबा?

मामा : हां, राजा. येस.

(नातू इंग्रजीत भराभर काहीतरी विचारतो.)

भाची : विचारतोय, माझे बाबा माझ्याएवढे होते तेव्हा कसे होते? सावकाश सांग. वहिनीही ऐकतेय पलीकडे.

मामा : युवर फादर... थांब हं, सांगतो... युवर फादर... वॉज अ गुड बॉय. वॉज. ही वॉज... माय बॉय.

भाची : बरोबर आहे, मामा. अगदी बरोबर. आता ती विजारीची गंमत सांग, मी इंग्रजी करते. ...मामा?

नातू : आजोबा? आजोबा, आर यू स्टिल देअर?

भाची : मामा, तो विचारतोय, तुम्ही अजून आहात ना?

मामा : आहे म्हणावं. मी आहे.